दाई फांदी

"लोक भेटले की एकमेकांची तब्येत विचारतात, हा झाडांच्या सुया विचारतो," असं मामी मामाला चिडवायची. खोटं काहीच नव्हतं त्यात. पाइनचं झाड दिसलं की मामा फांदीचं टोक मुठीत धरायचा, सुयांची एक जुडी उपटायचा आणि मोजायचा. जुडीत दोन निघाल्या तर झाड रांगडं. सुया जाड, बोटाला टोचणाऱ्या, कसल्याही जमिनीत तग धरणारं. तीन निघाल्या तर बहुधा सुया लांबलचक आणि राळेनं हात चिकट. पाच निघाल्या की स्वारी खूश. त्या सुया बारीक, निळसर, मऊ. "गालावरून फिरवून बघ," तो मला म्हणायचा, आणि मी फिरवेपर्यंत पुढे सरकायचा नाही.

मामा एका रोपवाटिकेत कलमं बांधायचा. पाच सुयांचं पाइन नाजूक, सावकाश वाढणारं, म्हणून त्याची काडी दोन सुयांच्या रांगड्या रोपावर बांधतात. रोपाच्या बुंध्याला तिरका छेद द्यायचा, त्यात काडी बसवायची, रबराची पट्टी गुंडाळायची, वर मेण. काडी जीव धरेपर्यंत खालच्या रोपाची एक फांदी तशीच ठेवतात. ती रस वर ओढते, मुळांना जागं ठेवते. तिला तिथं दाई म्हणतात. पण पुढच्या वर्षी नवी पालवी फुटायच्या आत दाई कापावीच लागते, नाहीतर सगळा रस तीच पिते आणि काडी उपाशी मरते. चांगली हिरवीगार फांदी कापायला नवख्यांचा हात धजत नसे. मामा त्यांच्यावर खेकसायचा, "दया करायची तर घरी जाऊन करा. इथं कात्री चालवा."

मामी गेली तेव्हा मामा नुकताच निवृत्त झाला होता. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर, आणि आता त्यातली एक बंदच. तो जेवायला बसेनासा झाला. ओट्यापाशी उभ्या उभ्या पातेल्यातूनच खायचा. रेडिओ मात्र त्या बंद खोलीत लावून ठेवायचा. भिंतीपलीकडून कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून, दुसरं काय! मी फोन केला की "बरं आहे" म्हणून ठेवून द्यायचा. त्याचं बरं नव्हतं हे मला कळत होतं, आणि मी दुसऱ्या शहरात बसून नुसती हळहळत होते.

त्याच वर्षी थंडीच्या अखेरीस मामीच्या भावाचा फोन आला. मामीचं माहेरचं घर विकलं गेलं होतं आणि नवा मालक गाडी लावायला जागा हवी म्हणून अंगणातलं पाइन पाडणार होता. पाच सुयांचं झाड. मामी त्याच्याखाली लहानाची मोठी झालेली. मामा मिळेल त्या बसनं निघाला, तरी पोचेपर्यंत झाड आडवं झालं होतं. पडलेल्या शेंड्यातून त्यानं काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि जुन्या सोबत्यांकडून रोपं मागून घेऊन कलमं बांधली. बाकीची सगळी तांबूस पडून गेली. एक राहिलं.

ते जगलंय हे कळलं त्या दिवशी पहिल्यांदा मामानं स्वतःहून फोन केला. "धरली!"

"काय धरली?"

"काडी गं! अजून काय?"

किती दिवसांनी त्याचा तो जुना, वैतागलेला आवाज ऐकला. मला रडूच आलं.

पुढच्या वर्षी पालवीच्या आधी मी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कुंडी होती. बोटाएवढ्या काडीवर निळसर सुयांचा छोटासा झुबका, आणि खाली दाई चांगली माजलेली.

"मामा, ही कापायची नाही का?"

"कापतो. वरचीला जरा जोर धरू दे."

"रोपवाटिकेत असं कुणी म्हणालं असतं तर?"

मामानं कात्रीला धार लावली, पुसली आणि फळीवर ठेवून दिली. आयुष्यभर बिनदिक्कत दाया कापलेला माणूस घाबरला होता. कापली आणि काडीनं मान टाकली तर? मामीचं उरलंसुरलं आपल्याच हातून जायचं. मी होते तोवर कात्री फळीवरून हलली नाही.

मग माझ्या नोकरीच्या रगाड्यात वर्ष गेलं. फोनवर झाडाचं विचारलं की तो म्हणायचा, "वाढतंय." परवा गेले तर झाड कमरेएवढं, गच्च हिरवं. मी हरखलेच. "मामा, केवढं झालं रे!"

मामा झारीनं पाणी घालत होता. वर बघितलं नाही त्यानं. मी फांदीचं टोक मुठीत धरलं आणि ते कचकन टोचलं. एक जुडी उपटली. दोन सुया. वरची उपटली. दोनच. बुंध्यापाशी वाळकी काटकी होती, तिला रबराची पट्टी अजून तशीच.

मी त्या काटकीला बोट लावलं. "कधी गेली?"

"गेल्या उन्हाळ्यात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू अरेरे म्हणाली असतीस. मला ते ऐकायचं नव्हतं."

मला त्या झाडाचाच राग आला. "मग आता याला कशाला पाणी घालतोस? यानंच तर सगळा रस ओढला."

"ते त्याच्या जातीला जागलं. कापायचं काम माझं होतं." मामानं झारी खाली टेकवली. "आणि होती तोवर तिला पाजलं ते यानंच ना? मीही पाजतच होतो की तुझ्या मामीला शेवटी. चमच्या-चमच्यानं." त्यानं त्या टोचऱ्या फांदीवर हात ठेवला. "दोघांनाही नाही जमलं."

मग झारी उचलून तो नळाकडे गेला.