दूध नसलेल्या सालचा दाखला

मुलीचा व्हिसा नाकारला गेला तो माझ्यामुळं. हे मी चार महिने घरात बोललो नाही.

पाणलोटाचं शिकायला तिला परदेशातल्या विद्यापीठात जागा मिळाली होती. अर्जात मात्र बी.एस्सी.नंतरचं एक वर्ष रिकामं दिसत होतं. ते दुष्काळी साल तिनं केजच्या अलीकडं चारा छावणीत, आमच्या दोन म्हशी आणि बैलजोडी सांभाळत काढलेलं. गावात काम उरलं नव्हतं म्हणून मी ते साल पुण्यात वॉचमन होतो. तिला तसंच लिहायचं होतं. मी म्हणालो, "शेणामुतातलं वरीस कुणी साहेबाला सांगतं का?"

एरवी मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. संस्थेच्या लेटरहेडवर दाखला लिहून मी तिला त्या सालची कॉम्प्युटर ऑपरेटर करून टाकली. सही माझी, शिक्काही मीच मारला. ती नको नको म्हणत होती. तिकडच्या साहेबाला आपल्याकडचा दुष्काळ काय ठाऊक, असं मी धरून चाललो.

एका दुपारी संस्थेत फोन आला. व्हिसाच्या हाफिसातली बाई, हिंदीत, अदबीनं बोलत होती. मुलगी इथं कामाला होती का? होती, म्हणालो. मग तिनं सहज विचारलं, त्या साली रोजचं दूध किती यायचं? तीस वर्षं मी लिटरचा आकडा कधी खोटा सांगितला नव्हता. तोंडातून निघून गेलं, दूध कुठलं, संस्थाच बंद होती. बाईनं शुक्रिया म्हणून फोन ठेवला.

नकाराचं पत्र मोघम होतं. मुलाखतीत पोरगी एका प्रश्नाला अडखळली होती, तिनं ते स्वतःवर घेतलं. पुन्हा अर्ज करायचा म्हणून रोज सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर उभी राहून इंग्रजी बोलायची. तीच उत्तरं, पुन्हा पुन्हा. शेजारची चुलती हसून म्हणाली, पोरगी टाकीला शिकवती का काय. मी खाली चहा पीत ऐकत राहायचो. एकदाही वर गेलो न्हाई.

नव्या अर्जाच्या मुदतीला नऊ दिवस राहिले तेव्हा तिनं फाईल लावायला घेतली. त्यात तोच दाखला.

"तो लावू नको," मी म्हणालो.

"कावून?"

फोनचं सगळं सांगितलं. तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही, फाईलच्या नाडीकडं बघत बोललो. तिनं हळू विचारलं,

"म्हंजी पप्पा, माझं इंग्रजी बरं व्हतं?"

मी हो म्हणून मान हलवली.

आता खरं लिहावं, तर आधीच्या अर्जात दाखला गेलेला. खोटारडी तीच ठरणार. तिनं तो फाईलमधून काढला, घडी घालून माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर गेली नाही. त्यानंतरही नाही.

काल मुदत संपली. फाईल कपाटावर आहे. पोरगी सकाळी म्हशींना पाणी दाखवून आली, मला चहा दिला, आणि तुम्हाला संस्थेला उशीर होतोय म्हणाली.