बर्फानंतरचं ऊन

जानेवारीत दिल्लीला पाऊस झोडपून जातो आणि मग एकदम लख्ख ऊन पडतं. त्या दिवशी आमच्या सरकारी क्वार्टर्समधली माणसं वेडी होतात. खुर्च्या, चटया, संत्री, शेंगा घेऊन सगळे हिरवळीवर. शेजारीण खालून हाक मारते, "आइए ना, क्या धूप निकली है!" मी गॅलरीतून हात हलवते आणि आत येते. मला ते ऊन बघवत नाही.

इथे पाऊस पाडणारे ढगच वर पहाडात बर्फ टाकतात, आणि माझी एकुलती एक मुलगी तिथे असते. जिथे रस्ता नाही, वस्ती नाही, अशा उतारांवर ती लोकांना स्कीवरून घेऊन जाते. चांगली नोकरी सोडून! तिचे बाबा असते तर दोघांनी मिळून तिच्याशी भांडलो असतो. एकटीला भांडायचाही कंटाळा येतो.

बर्फाचा कडा कसा सुटतो, ते तिने एकदा माझ्याच ओट्यावर दाखवलं होतं. ताटात रवा पसरला, त्यावर गव्हाचं पीठ दाबून बसवलं आणि ताट हळूहळू तिरकं केलं. पिठाचा अख्खा थर धपकन खाली आला. "जुना बर्फ असा रवाळ झाला ना, की वरचा ताजा थर त्याला धरतच नाही. त्यात ऊन लागलं की संपलंच. आणि दिसायला काय सुंदर, यार!" ओटा अर्थातच मी पुसला.

यंदा तसंच ऊन पडलं, त्याच दिवशी ती एक खिंड ओलांडणार होती. पलीकडे फोन लागत नाही. शेजारणीला सांगितलं असतं तर "बेटी तो बड़ी बहादुर है" म्हणाली असती. मला ते ऐकायचं नव्हतं. दिवसभर मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

संध्याकाळी फोन वाजला. स्क्रीनवर तिचंच नाव.

"आई, आम्ही खिंडीच्या आधीच मागे फिरलो. पायाखालचा बर्फ धप्प करून बसला, म्हणजे खाली रवाच, आणि मी बिल्कुल घाबरले. आता बरोबरचे सगळे रुसलेत, कुणी बोलत नाहीये माझ्याशी. उतार तर इथून दिसतोय, जसाच्या तसा. काहीच झालं नाही. मी चुकले का गं?"

"फोन केलास ना? झालं तर मग."

"थोडा वेळ ठेवू नकोस हं."

मी ठेवला नाही. ती तिकडे एकटी, मी इकडे एकटी, दोघी फोन कानाला धरून बसलो.

या मुलीला धीट करायला आम्ही दोघांनी काय काय केलं होतं! ती दहावी पास झाली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. त्या संध्याकाळी फोन ठेवून उठले आणि लेक घाबरली म्हणून पुन्हा ठेवली.