चौथ्या प्लगची तार

माझ्या सासऱ्यांच्या मोटारीला काहीही झालेलं नव्हतं. चढाला जरा खोकायची, एवढंच. पण मी त्यांचा नवा जावई. पहिल्या दिवाळसणाला परंड्यात आलेलो. बसून खाऊन खाऊन कंटाळलो होतो आणि सासुरवाडीत आपण काहीतरी करून दाखवावं, अशी खाज सुटली होती.

काळ निजामाचा. लढाई चालू, पेट्रोल परवान्यावर. मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणायचो) मिळालेलं सगळं पेट्रोल एका कामासाठी राखून ठेवलेलं. माझी मेहुणी शकू, तिला बघायला सोलापूरकडचे पाहुणे येणार होते. ते दुपारी रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरणार आणि मामा मोटारीनं त्यांना आणणार. पाहुणे इंग्रजी मुलखातले, त्यामुळं तोरा मोठा. 'तुमच्या मोगलाईत बैलगाडीनं हाडं मोडत यायची आमची तयारी नाही. मोटार दिसली नाही तर आम्ही तसेच बार्शीला जाऊ, तिथंही एक मुलगी आहे,' असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. शकूला याआधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. ती कुणाला काही बोलायची नाही, पण त्या दिवशी उजाडल्यापासून नवं लुगडं नेसून बसली होती.

सकाळी मामा मोटार पुसत होते. "जरा खोकतीय," ते आपले सहज म्हणाले.

"प्लगवर काजळी बसली असंल. आता साफ करून देतो," मी म्हणालो.

मोटारीचं माझं ज्ञान म्हणाल तर सोलापुरात शिकायला असताना माझ्या खोलीसमोर मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. मी खिडकीतनं बघायचो. (खिडकी लहान होती.)

मामांचं तोंड उतरलं. पण दिवाळसणाला आलेल्या जावयाला नाही म्हणायची सोय नसते. "बघा जावईबापू, जमलं तर," ते म्हणाले. त्यात किती विनवणी होती, ते मला फार उशिरा कळलं.

मी इंजिनाचं झाकण उघडलं. चार प्लग, चार तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला रबराची टोपी. टोपी उपसायची, प्लग काढून पुसायचा, परत बसवायचा. काम सोपं. पहिली टोपी धरून ओढली. हलली नाही. दुसरी ओढली. तीही जागची हलेना. इंजिनाच्या धगीनं रबर पार वितळून प्लगला चिकटलेलं होतं.

सासूबाई माझ्याशी समोरासमोर बोलत नसत. दाराआडनं माझ्या बायकोला सांगायच्या आणि ऐकायचं मी.

"इंदू, त्यांना म्हणावं, हात धुवा. चहा निवायलाय."

"एवढं झालं की आलोच," मी ओरडलो.

"त्यांना म्हणावं, न्हाय झालं तरी चालतंय."

वडिलांसमोर नवऱ्याशी बोलायची इंदूलाही चोरी. ती बिचारी नुसती खोकत राहिली. मोटारीपेक्षा जास्त खोकली. पण मी आता मागं कसा फिरणार? मी पक्कड मागवली. जावयानं मागितल्यावर पक्कडही आली.

पक्कडीनं तीन टोप्या कशाबशा निघाल्या. चौथी लई चिवट. मी एक पाय मडगार्डला लावला, दोन्ही हातांनी पक्कड धरली आणि जीव खाऊन ओढलं. तार हातात आली, मी अंगणात उताणा पडलो आणि टोपी मात्र प्लगवर होती तिथंच राहिली.

कुणी हसलं नाही. जावई पडल्यावर हसत नाहीत. "लागलं का?" मामांनी विचारलं, पण बघत होते ते तुटक्या तारेकडं. शकू दारात आली. "दाजी, आता काय हो?" तिचे डोळे भरून आले होते. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. नवी तार मिळाली असती सोलापुरात, आणि सोलापूरला जायला मोटार लागली असती.

मी घाईघाईनं प्लग पुसले आणि उरलेल्या तीन तारा बसवल्या. मामांनी हँडल मारलं. बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडून शेताकडं पळाली. कुठली तार कुठल्या प्लगची, हे मी बघूनच ठेवलं नव्हतं.

"इंदू, त्यांना म्हणावं, काही मोडायचं राह्यलंय का?"

दोन-चार अदलाबदली करून मोटार एकदाची चालू झाली. पण तीन प्लगांवर ती सीना नदीचा चढ चढणं शक्य नव्हतं. ऊन वर आलं होतं. शकू आत जाऊन बसली होती.

"बांधायला तार पुरत नाही, पण टोपी कापून ती प्लगला नुसती टेकवून धरली तर चालंल," मी चाचरत म्हणालो.

"धरणार कोण?" मामा म्हणाले. 'जावईबापू' हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच गाळला.

मी डोक्याला टॉवेल गुंडाळून मडगार्डवर बसलो. एका हातानं मोटारीचा दिवा धरला, दुसऱ्या हातात चिरलेली वाळकी काठी, तिच्या चिमट्यात तार. मोटार निघाली. तळहाताला घाम फुटला, काठी ओली झाली आणि प्रत्येक खड्ड्याला मला खांद्यापर्यंत झटका बसायला लागला. त्या रस्त्याला खड्डे किती होते, ते मला विचारा.

सरहद्दीच्या नाक्यावर शिपायानं अडवलं. "ये क्या है?"

"मरम्मत चालू है," मामा म्हणाले.

"चलती गाडी में?" त्यानं माझ्याकडं खालवर बघितलं आणि काही न तपासता सोडून दिलं.

कुर्डुवाडीला पोचलो तेव्हा मुलाचे वडील हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन बार्शीच्या गाडीकडं निघालेच होते. मामांनी धावत जाऊन हात जोडले, ट्रंक परत फिरवली. पाहुणे मोटारीपाशी आले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. माझं तोंड काजळीनं काळं, भुवया धुळीनं पांढऱ्या.

"हा कोण?"

मामांची पंचाईत झाली. थोरला जावई म्हणावं, तर दिवाळसणाच्या जावयाला मडगार्डवर बसवणाऱ्या घरात कोण सोयरीक करणार? "हे... हे आमचे..." मला शकूचे डोळे आठवले.

"क्लिनर, साहेब," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर तेच खड्डे, तेच झटके. "तो सारखा का ओरडतोय?" आतनं आवाज आला.

"सवय हाय त्याला," मामा म्हणाले.

घरी आल्यावर मी मागच्या दारानं थेट गोठ्यात गेलो. (म्हैस अजून आली नव्हती, त्यामुळं जागा होती.) माझ्यासाठी तळलेल्या करंज्या पुढच्या खोलीत पाहुणे खात होते आणि इंदूनं मला चोरून भाकरी आणि पिठलं आणून दिलं. थोरले जावई कुठं आहेत, अशी चौकशी झाली तेव्हा सासूबाई दाराआडनं म्हणाल्या, "त्यांचं डोकं ठिकाणावर न्हाय आज." यात खोटं काहीच नव्हतं. तिन्हीसांजेला शकूच गोठ्यात आली. मला बघून हसायला लागली, मग रडायलाच लागली. मुलगी पसंत होती.

लग्नात मी कोट-फेटा चढवून मांडवात मानानं बसलो होतो. मुलाचे वडील मोठ्या मायेनं शेजारी येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या मामांचा तो क्लिनर दिसत नाही कुठं?"

मी फेटा जरा पुढं ओढला. "त्याला काढून टाकला."

"बरं केलंत," ते माझ्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाले. "माणूस बघताक्षणी ओळखतो मी. गाडीचं वाटोळं त्यानंच केलेलं असणार."