एका हाताने उघडणारा डबा

सुनंदा गेली त्या सकाळी मी पहिला फोन दर्शनाला केला. डोंबिवलीतले नातेवाईक यावरून अजून रुसून आहेत, रुसोत बापडे. माझी बायको कल्याणच्या एका व्यवसाय शिक्षण संस्थेत वस्तूंचं डिझाइन शिकवायची, आणि दर्शना तिची विद्यार्थिनी. ती म्हणाली, "काका... डबा झालेला ओ. शनिवारी आणणारच होतो आम्ही."

सुनंदाचा वर्गातला नियम असा, की ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याच्यासारखं आधी दिवसभर जगून बघा. एकदा विद्यार्थ्यांचे उजवे हात ओढणीने पाठीशी बांधून तिने त्यांना भाजीबाजारात धाडलं होतं. पालकांच्या तक्रारी आल्या. मीही तिला नाटकी म्हणायचो. पुढे तिलाच पक्षाघात झाला आणि उजवा हात मांडीवर पडून राहिला. बाकी सगळं तिने सोसलं, पण सकाळचा चहा स्वतःच्या हाताने करता येत नाही, हे काही केल्या सोसेना. मी चहापावडरच्या डब्याचं झाकण उघडून दिलं की चिडायची. "मी मागितलं का?"

भेटायला आलेल्या विद्यार्थ्यांना तिने हेच काम दिलं. पहिला डबा शोकेसमध्ये ठेवावा इतका देखणा. पण झाकणाला हात लावला की ओट्यावरून सुळकन पळायचा. नापास. दुसऱ्याच्या तळाला ओट्याच्या कडेत अडकणारी पट्टी होती, झाकण पुढे सरकवून उघडायचं. तो उघडला. सुनंदाने डाव्या हाताने पावडर टाकली, आणि कितीतरी महिन्यांनी मी तिला हसताना पाहिलं. मग ती झाकण ओढून लावायला गेली, तर डबाच अंगावर आला.

"उघडतो गं. बंद कोण करणार?"

"काका आहेत ना, मॅडम."

"काका डब्यासोबत मिळतात का?"

नापास केला, पण ठेवून घेतला. मग रोज सकाळी ती डबा उघडायची आणि मी बंद करायचो. तेवढी मदत तिने चालवून घेतली. खोटं कशाला बोलू, तो डबा सुधारूच नये असं मला मनातून वाटायचं...

दिवसकार्य उरकल्यावर दर्शना आणि बाकीचे विद्यार्थी तिसरा डबा घेऊन आले. झाकण लोटलं की उघडं राहतं, टिचकी मारली की आपलं आपण बसतं. "काका, बसा तुम्ही, चहा आम्ही टाकतो," दर्शना म्हणाली. मी म्हटलं, "मॅडमचा नियम विसरलात?" आणि उजवा हात पुढे केला. तिने तो ओढणीने पाठीशी बांधला. तिचे डोळे वाहत होते, माझेही. मी झाकण लोटलं, पावडर टाकली, टिचकी मारली. झाकण बसलं. कुणाला हाक मारावी लागली नाही. 'पास' अगदी ओठांवर आलं होतं, पण हातात चमचा तसाच राहिला होता.

"हा कुठे ठेवू?" मी विचारलं.

दर्शना ओल्या डोळ्यांनी हसली. "मॅडम पण हेच बोलल्या असत्या."

डबा सध्या ओट्यावरच आहे. चमच्यासाठी खाच करायला तो पुढच्या शनिवारी नेणार आहेत, नव्या वर्गातले विद्यार्थीही सोबत येणार आहेत. तोवर सकाळचा चहा मी डाव्या हातानेच करतो. टिचकी मारली की झाकण बसतं, तरी ते बंद करायला माझा उजवा हात सवयीने पुढे होतोच.