एफ-नऊचं बटण

तुफानताईला टायपिंगमधलं काही शिकवायला जाणाऱ्याची धडगत नसे. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात डॉक्टर रिपोर्ट बोलून ठेवत आणि ती हेडफोन लावून तो टाइप करी. बोटं अशी चालत, की तिचं खरं नाव सगळे विसरलेच होते. नवऱ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं ते एवढंच, की गेल्या दीड वर्षापासून बाईंना पडद्यावरची बारीक अक्षरं दिसत नव्हती. नजरेच्या मधोमध धुरकट डाग बसला होता, आणि चष्म्याने तो जाणार नव्हता.

"सांगून टाक एकदाचं," नवरा म्हणायचा.

"सांगते हं. म्हणजे दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत मॅडमची भाची."

भाची शेजारच्याच टेबलावर बसायची. मॅडम विभागप्रमुख, तेव्हा भीती काही अगदीच उगाच नव्हती.

त्या सकाळी संगणकावर रिपोर्टचं नवं सॉफ्टवेअर आलं. सुरू करताच मधोमध एक चौकट उगवली, आत मुंगीएवढी अक्षरं. भाचीला विचारावं तर बिंग फुटणार. मग ताईने अशा वेळचा आपला ठरलेला उपाय केला, एंटर दाबलं. चौकट गेली आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

चौकट बिचारी विचारत होती, की एफ-नऊ हे बटण आवाज थांबवायलाही आहे आणि नव्या सॉफ्टवेअरात रिपोर्ट वॉर्डात पाठवायलाही, तर दोन्ही चालू ठेवायचं का? बाईसाहेबांनी न वाचताच हो म्हणून टाकलं होतं.

डॉक्टर भरभर बोलत, म्हणून ती मध्येच एफ-नऊ दाबून आवाज थांबवायची. आज दर वेळी होता तेवढा रिपोर्ट वॉर्डात जात होता. वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पाठवला' असं येत होतं, पण ते बघणार कोण?

दुपारी फोन वाजला. वॉर्डातली सिस्टर होती.

"ताई, आमच्या वॉर्डातल्या खोकल्याच्या आजोबांच्या रिपोर्टखाली डॉक्टरांचं नाव नाही. पण डावं फुफ्फुस स्वच्छ लिहिलंय, बाकी काही नाही. घरी सोडतोय त्यांना."

"सोडू नका," ताईचा आवाज चिरकला. "उजव्या बाजूला गाठ आहे. तुमच्याकडे अर्धाच रिपोर्ट आलाय, पुढचा अजून माझ्याकडेच आहे."

"अगं बाई! मग बाकीचे रिपोर्ट? दुसऱ्या वॉर्डांतही गेलेत ना?"

ताईने पडद्याकडे पाहिलं. पाठवलेल्या रिपोर्टांची यादी होती, पण तिला दिसल्या नुसत्या करड्या रेघा. तिने मान वाकडी केली, नाक पडद्याला टेकवलं. त्या रेघांमध्ये कुणीतरी आत्ता कपडे बदलून घरी निघालं असेल.

"अगं, इकडे ये," ती भाचीला म्हणाली. "ही यादी मला वाचून दाखव."

"मी? समोरच तर आहे तुमच्या."

"मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. वाच लवकर, कोण कुठल्या वॉर्डात आहे ते सांग."

भाची खुर्ची ओढून वाचू लागली. ताई एकेका वॉर्डाला फोन लावत गेली. एक बाई तर दारातल्या गाडीतून परत आणावी लागली.

सगळे पेशंट थांबवून झाले तेव्हा भाची हळूच म्हणाली, "ताई, मी नाही बोलणार कुणाला."

ताईने हेडफोन काढून तिच्या हातात दिला.

"आजोबांचं उरलेलं ऐकून तू पुरं कर," ती म्हणाली, आणि उठून मॅडमच्या खोलीकडे गेली.