बंद म्हणजे चालू

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आम्ही ख्रिस्ती. वडील श्रीगोंदा तालुक्यात मिशनच्या शाळेत मास्तर. आमच्या घरात पवित्र आत्मा सोडला तर दुसऱ्या कुठल्याही आत्म्याला जागा नव्हती. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटते... पण आता वय झालं. लाजून तरी काय करायचं?

गोष्ट चाळीसच्या दशकातली, लढाई नुकतीच संपली होती तेव्हाची. मी नगरला इलेक्ट्रिकल शिकत होतो. आम्ही ऐटीत ‘कॉलेज’ म्हणायचो, पण होत्या पत्र्याच्या दोन शेड, एक वर्ग, आणि विजेसाठी धडधडणारं एक ऑइल इंजिन. पहाटे पाच ते नऊ मी एका पिठाच्या गिरणीत इंजिन सांभाळायचो, मग वर्ग, दुपारी प्रॅक्टिकल. दोन वर्षं मी नीट झोपलो नाही. त्या दिवसांचं मला दुसरं काही आठवत नाही, फक्त थकवा आठवतो.

प्रॅक्टिकलला पहिल्या वर्षी गोविंदमास्तर होते. पाथर्डीकडचे, जुने वायरमन, इंग्रजीचा गंध नाही. तारेत करंट असला की ते म्हणायचे, “जीव हाय.” नसला की “जीव न्हाई.” हात लावण्याआधी विचारायचं, “जीव हाय का?” आणि पलीकडच्यानं ओरडून सांगायचं. दुसरा शब्द चालायचा नाही. माझा जोडीदार दत्तू, काष्टीचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला आम्ही सगळे दत्त्या म्हणायचो, एकटे मास्तर ‘दत्तोबा’ म्हणायचे. त्या दिवाळीच्या सुटीत मास्तर गावी गेले आणि तिथेच तापानं वारले.

त्यांच्या जागी मुंबईहून नवे सर आले. हुशार माणूस, पण ‘जीव’ ऐकला की भडकायचे. “वायर म्हणजे काय कोंबडी आहे?” म्हणायचे. ओपन आणि क्लोज म्हणा! स्विच क्लोज म्हणजे सर्किट पूर्ण, करंट चालू. ओपन म्हणजे करंट तुटला. मराठी शाळेतून आलेल्या आम्हाला हे उलटंच वाटायचं. दार लावलं की कुणी आत येत नाही, इथे लावलं की सगळं आत येतं! दत्तूनं आपलं घोकून ठेवलं : क्लोज म्हणजे बंद, बंद म्हणजे करंट आहे.

चैत्रातली दुपार, तीनचा सुमार. पत्रा असा तापलेला की शेडमध्ये बसवत नव्हतं. मोटारीच्या बोर्डावर तांब्याच्या पट्टीचा एक नट सैल झाला होता, तो मला आवळायचा होता. मेन स्विच भिंतीपलीकडे इंजिनाच्या खोलीत, तिथे दत्तू. बाकीची मुलं वर्गात. करंट आहे का ते तपासायचा टेस्ट लॅम्प पलीकडच्या टेबलावर होता, दहा-बारा पावलांवर. खरं सांगतो, तेवढं चालायचा मला कंटाळा आला.

मी ओरडलो, “दत्त्या, मेन काय?”

“बंद हाय!”

मी पाना उचलला. पट्टीपासून हात चार बोटांवर असेल... आणि भिंतीपलीकडून दत्तू पुन्हा ओरडला, “जीव हाय! शमू, जीव हाय!”

मी हात मागे घेतला. जाऊन लॅम्प आणला, लावला. लख्ख पेटला. चारशे चाळीस व्होल्ट. मी तिथेच जमिनीवर बसलो.

मग भिंतीला वळसा घालून दत्तूकडे गेलो. तो स्टुलावर निवांत.

“तू बंद म्हणालास ना रे?”

“मंग? क्लोज म्हंजी बंदच की! सरांनीच शिकवलंय.”

“मग नंतर जीव हाय का ओरडलास?”

“आता घ्या! तूच इचारलंस की दुसऱ्यांदा.”

“मी? मी एकदाच विचारलं.”

“आरं, ‘दत्तोबा, जीव हाय का?’ असं इचारलंस न्हाई का? मला वाटलं मास्तरची नक्कल करतोय...” बोलता बोलता तो स्टुलावरून उठला. शेडमध्ये डोकावून आला. त्याचा चेहरा उतरला.

मी विचारलं नव्हतं. ऐकलंही नव्हतं. झोपेच्या गुंगीत पुटपुटलो असेन म्हणावं, तर इंजिनाच्या त्या धडधडीत पुटपुटणं पलीकडे जाईल कसं? वर्गात जाऊन चौकशी केली. कुणी जागचं हललं नव्हतं.

सरांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “टेस्ट लॅम्प का नाही लावला?” त्यांचं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ब्रश घेऊन प्रत्येक स्विचवर मराठीत ‘चालू’ आणि ‘बंद’ रंगवलं.

पुढे मी आयुष्यभर हेच काम केलं. दत्तू परीक्षा देऊन गावी गेला आणि शेतीतच रमला. जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा मी तेच विचारायचो. आवाज कसा होता? जवळून आला की लांबून? तो टाळायचा. मला वाटायचं, घाबरतो.

मध्ये काष्टीला त्याच्या घरी गेलो होतो. चहा झाला, मी परत तोच विषय काढला. या वेळी तो चिडला.

“शमू, दरयेळी तुजं आपलं तेच. कोन बोललं, कुटनं बोललं. तू वाचलास, लई चांगलं झालं. पर ‘बंद हाय’ म्या म्हनलो हुतो. तुला काय झालं असतं तर तुज्या आईला म्या काय तोंड दावलं असतं? सारा जन्म कसा काढला असता?” त्यानं रिकामी कपबशी बाजूला सारली. “आनि त्यानं हाक तुला न्हाई मारली. मला मारली.”

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी आपला माझाच जीव मोजत बसलो होतो.

तो आवाज कुणाचा, हे मला आजही सांगता येणार नाही. दत्तूला विचारायचं मात्र मी सोडून दिलंय.