हादऱ्यांच्या ट्रकमधून परळी वैजनाथ

गेल्या महिन्यात ट्रकात बसून परळीला जाऊन आले. स्वतःच्या नवऱ्याच्या ट्रकात, आणि तेही लग्नानंतर पहिल्यांदाच. कुणा ताईला असं जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाव चौसाळा. आमचे हे ट्रक चालवतात, गाडी घरचीच, जमाखर्च मी बघते. महिन्यातले वीस-बावीस दिवस ते रस्त्यावर. फोन येतो तो "पोचलो", "जेवलो" एवढ्यापुरता. लेक सासरी गेल्यापासून घरात बोलायला देव्हाऱ्यातले देव तेवढे उरले. आमची रस्त्याकडची खोली रिकामी आहे, तिथं पिठाची गिरणी टाकता येईल. वीजबिल धरूनसुद्धा दोघांचं भागेल. पण हे सांगायचं कधी? ते घरी येतात ते झोपायलाच. म्हणून ठरवलं की परळीच्या सोयाबीनच्या खेपेला आपणही जायचं, देवदर्शन करायचं, आणि वाटेत शेजारी बसून एकच विचारायचं: गाडी विकून घरी राहता का?

सकाळी देवाला दिवा लावून निघालो. केबिनची पायरी उंच असते. साडी नेसून चढणाऱ्यांनी आधी दांडा घट्ट धरावा, मग पाय टाकावा. यांनी सीट पुसून ठेवली होती. गाडी चालू केली आणि माझ्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या. वाटलं, पळायला लागली की थांबेल. पळताना जरा कमी झालंही, पण मांजरसुंब्याच्या चौकात नुसती उभी राहिली तर पहिल्यापेक्षा जास्त. आरशात मागची जीप दोन-दोन दिसत होती. जेवणाचा डबा मांडीवरून सरकत दाराला जाऊन टेकला.

"अहो, मला एक विचारायचंय."

"आं?"

"म्हणलं, विचारायचंय!"

"मोठ्यानं बोल की! ह्या गाडीत बोलणं नसतंय, खुणा करायच्या!"

मी मान हलवली आणि बाहेर बघत बसले. असलं विचारणं ओरडून होत नाही.

केजला चहाला थांबलो. तिथं यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर बाकड्यावर बसला होता. मला बघून उठला.

"काय वहिनी, आज तपासणीला निघालाव काय? आमच्या घरी नका सांगू, न्हाई तर आमचीबी येऊन बसंल."

"बसू दे की," हे म्हणाले. "तुझ्या गाडीत निदान बसवतंय. माझी हादरून हादरून हाडं खिळखिळी झाली. लई कंटाळा आलाय बे. कवा कवा वाटतंय, चावी ठेवून द्यावी न् घरी बसावं."

माझ्या मनात लख्ख झालं. न विचारताच निम्मं उत्तर आलं होतं. पण त्याच वेळी त्यांनी बशी उचलली, आणि चहा बशीतून बोटांवर सांडला. गाडी बंद होऊन दहा मिनिटं झाली होती तरी हात थरथरतच होता. त्यांनी बशी खाली ठेवली आणि कप दोन्ही हातांनी धरून प्यायले. चाळिशीतच यांचे हात म्हाताऱ्यासारखे झाल्यासारखं वाटलं मला.

अंबाजोगाईला मंदिराकडे ट्रक नेता येत नाही. हे गावाबाहेर गाडी लावून सीटवरच आडवे झाले. "तू ये जाऊन," म्हणाले. मी वीस रुपये देऊन रिक्षात बसले. गर्दी नव्हती, योगेश्वरीची ओटी निवांत भरता आली. देवीचं परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि ती इथंच राहिली, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. दोन्ही गावांत घाटाचा तासाभराचा रस्ता तेवढा आहे. आजवर मला ती नुसती गोष्ट वाटायची.

परळीला तिसऱ्या प्रहरी मिलवर पोती उतरवली. ट्रक सोडून झोपता येत नाही, म्हणून हे केबिनमध्ये आणि मी मंदिराजवळच्या खोलीवर. खोली साधी पण स्वच्छ. चादर आपली न्यावी. सकाळी पायऱ्या चढून गेले. परळीला पिंडीला हात लावून दर्शन घेता येतं, हे मोठं सुख. गार दगडावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "देवा, त्यांना घरी आण." बाहेर जोडपी फोटो काढत होती. एका पोरीनं मलाच मोबाइल दिला, "मावशी, आमचा काढता का?" काढला.

येताना परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटा भरल्या. सिरसाळ्याला पोचेपर्यंत गिअर टाकला की खालून 'धाड्' असा आवाज यायला लागला. रस्त्याकडेला एक गॅरेज होतं, हे तिथं वळले. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणत होते. त्यांनी केबिन पुढं कलती केली, इंजिनाखाली पहार घातली आणि जरा दाबली, तर एवढं मोठं इंजिन एका बाजूनं टुणकन उचललं गेलं.

"हे बघा," चाचा म्हणाले, "इंजिन ज्याच्यावर बसतंय ते माउंटिंग. नव्या गाड्यांत ह्या रबराच्या पोटात तेल असतंय, हादरा तेल गिळतंय. तुमचं तेल कवाच गळून गेलं. कोरडं रबर काय गिळणार? सगळा हादरा तुमच्या अंगात."

खरंच, खालच्या पट्टीवर काळा ओघळ वाळून गेला होता.

"साधं भरीव रबराचं टाकू का?" चाचांनी विचारलं. "निम्म्या पैशात हुतंय. चालंल, पण हादरा ऱ्हाईल थोडा."

"साधंच टाका," हे म्हणाले. "सवय हाय मला."

घरखर्चात निम्म्या किमतीची वस्तू सोडून मी कधी दुसरी घेतलेली नाही. आणि हादरा राहिला तर हे गुढीपाडव्यापर्यंत कंटाळून घरी येणार, हेही मला तिथंच दिसत होतं. पैसे वाचणार आणि माणूसही मिळणार. फक्त "बरं" म्हणायचं होतं. मी यांच्याकडं बघितलं. ते खिशातून मोबाइल काढत होते आणि तो बोटांत धरवत नव्हता.

"चाचा, तेलाचंच बसवा," मी म्हणाले. "दोन्ही बाजूंचं."

"अगं, कावून एवढा खर्च?"

"हिशोब माझ्याकडं हाय ना? मग झालं."

चाचा हसले. "भाभींनी हुकूम दिला, आता तुमचं चालत न्हाई."

सामान परळीहून जीपनं यायला दुपार झाली. तोवर समोरच्या खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. चव चांगली, ठेचा जपून घ्यावा. संध्याकाळी गाडी तयार झाली. मी चढून बसले आणि यांना म्हणाले, "लावा की चालू."

"चालूच हाय."

खरोखर चालू होती! तेलगाव मागं पडलं, वडवणी आलं. खिडकीबाहेर उसाच्या गाड्यांच्या बैलांचे घुंगरू ऐकू येत होते. हे अभंग गुणगुणायला लागले. इतक्या वर्षांत हे गातात हे मला माहीत नव्हतं. त्या गाडीत त्यांचं सगळं होतं: खिळ्याला आरसा, सीटमागे चादर, औषधाची डबी, गाणं. पाहुणी मीच होते.

बीडचे दिवे दिसायच्या आधी मी विचारून टाकलं. गिरणीचं, खोलीचं, सगळं सांगितलं. त्यांनी गाडी हळू केली.

"काल इचारलं असतंस तर चावी तुझ्या हातात दिली असती," ते म्हणाले. "आता बघ की, पाण्यावर चालल्यावानी चालतीया. अजून धा वर्षं वढतो."

"काल ऐकू आलं नसतं," मी म्हणाले.

ते हसले. मीही हसले. मग बीड आलं.

ज्यांना जायचंय त्यांनी दोन दिवस हाताशी ठेवावेत, केजमार्गे जावं आणि सिरसाळ्यामार्गे यावं. गाडी उभी असताना अंग हादरत असेल तर सवय आहे म्हणून सोडून देऊ नये, माउंटिंग दाखवून घ्यावं. केल्या खर्चाची मला हळहळ नाही. त्यांच्या हाताला आता आराम आहे. आठवड्यानं ते लांबच्या खेपेला गेले आणि परवा परत आले. पूर्वी ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला की आमच्या फडताळातली ताटं वाजायची आणि मी तवा ठेवायची. परवा ट्रक दारात उभा राहिला, हे पायरीवर येऊन दोनदा कडी वाजवून थांबले, तरी मागच्या स्वयंपाकघरात मला काही कळलं नाही. आता ते यायचे असले की मी दार उघडंच ठेवते.